तीन हात, अडीच हात

मामा पडावाच्या नाळेवर उभा असतो,
हातात तांबडे-पांढरे पट्टे रंगवलेली काठी.
बुडवतो, उचलतो, ओरडतो:
दोन पुरुष. दोन पुरुष. पुरुषभर. तीन हात.
वर चाकाशी बसलेला लोकुली
नदीकडे बघतच नाही,
त्या आवाजाच्या मागून वळत जातो.

एम्बान्डाकाच्या खाली कोंगो नदी एक नाही.
किती आहेत ते बेटांना विचारावं,
बेटं जागेवर सापडली तर.
काही जुनी, उंच झाडांची, माकडांसकट.
काही नुसती गवताची,
पाणी उतरलं की कोळी तिथे चार खांब ठोकतात,
मासे धुरावतात, पोरं जन्माला घालतात,
आणि पाणी चढलं की खांबसुद्धा सोडून निघतात.
काही तर बेटं नव्हेतच,
जलपर्णीचे भारे,
एखाद्या बगळ्याला फसवून
समुद्राकडे घेऊन चाललेले.

आमच्याकडे नकाशा आहे.
कंपनीने दिलेला, घडीवर फाटलेला,
माझ्या आजोबांच्या वयाचा.
त्यात बोयेंगे म्हणून एक बेट आहे, तांदळाच्या दाण्याएवढं.
मामा तिथला.
आता तिथे दोन पुरुष पाणी.
दर खेपेला ती जागा आली
की तो काठी बुडवतो, उचलतो
आणि ओरडत नाही.
मी वहीतला रकाना कोरा ठेवते.

यंदा त्या कोऱ्या जागेच्या थोडं खाली,
भर दुपारी,
काठी मध्येच थांबली.
मामा म्हणाला, तीन हात.
मग म्हणाला, अडीच.
मग काही म्हणायला वेळच उरला नाही.
पोटाखाली वाळू करकरली
आणि पडाव बसला, पाणघोडा बसतो तसा,
आपल्या मर्जीने.

शिव्या झाल्या. लोकुलीच्या आईचा उद्धार झाला.
मग लोक उतरले.
पाणी घोट्याएवढं, पुढे तेवढंही नाही.
मासोले नावाच्या बाईने चूल मांडली,
केळीच्या पानातला कसावा सोडला.
एक बकरी दावं तोडून पळाली,
आणि पळायला जागा आहे
याचं तिलाच नवल वाटून थांबली.
मामा काठी न घेता चालत राहिला
या टोकापासून त्या टोकापर्यंत, पावलं मोजत.
एकशे बारा.
येताना कुणाकडून तरी कसाव्याचं कांडं मागून घेतलं
आणि खोचलं.
वाळूत काय येणार, मासोले म्हणाली.
गाळ येईल की मागून, मामा म्हणाला,
आणि तिच्या टोपल्यातला मासा उचलून खाल्ला.

तिसऱ्या रात्री वीतभर पाणी चढलं, पडाव सुटला.
लोकुली म्हणाला, वहीत लिही: अडथळा.
मी लिहिलं.
अडथळा. एकशे बारा पावलं.
खालच्या टोकाला एक काडी, अजून वर.
नाव काय घालू म्हणून विचारायला वळले
तर मामा नाळेवर पोचलेला,
काठी बुडवत, ओरडत:
तीन हात,
पुरुषभर,
दोन पुरुष, दोन पुरुष.