चारशेपर्यंत

"बोटं दुखत्यात माझी, आन् तुमी थुंकी मागताय,"
शेवंताबाई धोत्रे म्हणाल्या,
आणि डबी परत माझ्याकडे सरकवली.
झाकण त्यांच्याच्यानं उघडत नव्हतं.
मी उघडून दिलं.

खारं पाणी धुक्यासारखं नळीतून आत गेलं, वीस मिनिटं.
त्या खोकल्या. आधी लाजून, पदर तोंडाशी धरून,
मग खाणीत खोकत असतील तशा,
लांब कुणाला हाक मारावी तशा.
डबीत चमचाभर आलं.
"एवढ्यात काय दिसनार?"
बाई, एवढ्यात अख्खी मंगळवार पेठ दिसते,
बाजाराच्या दिवशीची.

काच रंगवली, वाळवली, खाली ठेवली.
चारशे पेशी मोजायच्या, असा नियम.
अंगठ्याखाली मोजणीयंत्र. टिक्.

आधी मॅक्रोफेज. थोराड, संथ,
जे येईल ते गिळणाऱ्या,
आणि पोटात काळपट कण.
ते कण मला पत्त्यासह ठाऊक आहेत:
वाघोली, क्रशर, एकोणीस वर्षं,
डोक्यावर खडीची पाटी, नाकाला ओला फडका,
फडका अकरापर्यंत वाळलेला.
ती खडी खराडीच्या रस्त्यांखाली गेली.
मी रोज त्यावरून स्कूटरनं कामावर येतो.
एकशे बारा.

मग न्यूट्रोफिल, गाठी मारलेल्या सुतळीसारखं केंद्र.
या इतक्या कशाला जमल्यात?
कल्चर कोरं आलं. एक्स-रे स्वच्छ.
बाई तीन जिने चढून आल्या, दम लागला नाही.
आवतण कुणी दिलं?
दोनशे सात.

मी पंधरा वर्षं लोकांची थुंकी बघतोय.
टीबीच्या लाल काड्या सापडल्या
की बोट ठेवून सांगता येतं: हा बघा चोर.
इथं चोर नाही.
इथं सगळे घरचेच,
आणि सगळे ड्यूटीवर.

डॉक्टर तबस्सुम इनामदार म्हणतात, भांडण इथंच लागत असावं,
श्वासाच्या वाटेवर.
धुळीनं, धुरानं आपलंच एखादं प्रथिन जरा वाकडं होतं,
पहाऱ्यावरच्या पेशी त्याचं नाव लिहून घेतात,
आणि मोहरीएवढ्या लिंफोसाइट ते नाव विसरत नाहीत.
मग कित्येक वर्षं काहीच नाही.
तक्रार छातीच्या चौकीत,
उचलून नेतात बोटांना.

"असावं" हा शब्द डॉक्टर जपून वापरतात.
त्यांच्या टिपणात मीच तो टाइप केलाय, दोनदा.

दोनशे नव्वदला दारावर टकटक.
"दादा, ती डबी माघारी मिळंल का? झाकण चांगलंय, मिठाला हुईल."
नाही मिळत, म्हटलं, जाळतात.
"जाळा मग," आणि त्या बाकावर टेकल्या.
बस अजून पाऊण तासानं होती.
"भाकरी आता मनगटानं थापते. गोल येत न्हाई.
खानारा बोलत न्हाई काई, पर बघतो."
मी मान हलवली. हातातला आकडा विसरेन अशी भीती वाटत होती,
म्हणून तेवढीच हलवली.
आता वाटतं, आकडा तर यंत्रात होता.

चारशे.
कडेला आणखी एक होती, काळं पोट घेऊन,
नियमाबाहेरची. तिला टिक् नाही.

अर्जाचा रकाना भरताना पाहिलं,
नोंदणीच्या खिडकीवर कुणीतरी
व्यवसाय: गृहिणी
असं सुबक अक्षरात लिहिलेलं.
खाडाखोड चालत नाही.
मी शेजारी, जागा होती तेवढ्यात, लिहिलं
खडी
आणि सही केली.