दहाचा पाना

शुक्रवार. सोहारमध्ये पहाटेचे साडेपाच,
बॉनेट अजून हाताला सोसतंय.
बावीस वर्षांची कोरोला, चार लाख किलोमीटर.
थर्मोस्टॅट बदलायचा, एवढंच.

उजेड धरायला आलेला मुनाफ परकार
इंजिनाला बाणकोटी शिव्या घालतोय,
मायेनं.

शेवटच्या बोल्टाला पाना निसटला.
टण्. टण्.
मग काहीच नाही.
जमिनीवर पडलाच नाही.

आडवा होऊन खालचं कव्हर सोडवलं :
तोंडावर मूठभर वाळू,
खजुराची एक बी,
आणि पाना. दहाचाच.
पण माझा नव्हे.
गंजलेला, दांड्यावर निळी चिकटपट्टी,
पट्टीवर पेनानं मल्याळीत काहीतरी.

"वाच की," मुनाफ म्हणाला.
त्यालाही येत नाही.
नाव असेल. किंवा नुसतंच 'माझा'.

फडक्यानं पुसला,
त्यानंच तो बोल्ट कसला.
पाणी भरलं, गाडी चालू ठेवली,
दोघं काट्याकडे बघत बसलो
दुधावर नजर ठेवावी तसे.
मध्यावर आला. थांबला.

माझा पाना आतच आहे कुठंतरी.
स्पीडब्रेकरवर वाजतो.
गाडी विकताना
मी ते सांगणार नाही.