तोंड फिरवलेला सिंह

ऑर्डरसोबत एक पुस्तिका आली होती,
गुळगुळीत कागदाची.
शेठनं ती माझ्याकडं सरकवली :
तुला इंग्रजी येतं ना, बघ जरा
कुणाचं घराणं, चित्र काय काढायचंय.

व्हाल्देसिएर्सो.
तीनदा म्हणून पाहिलं मोठ्यानं.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चाळीस माग चालू असताना
आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही,
हे तर स्पेनमधलं नाव.

पहिला फाद्रिके. नदी ओलांडताना
राजाच्या घोड्याचा लगाम धरला त्यानं,
बदल्यात अकरा गावं मिळाली आणि ढालीवर एक सिंह.
त्याची नात मेन्सिया. वेढ्यात पाच महिने किल्ला राखला,
धान्य संपलं तेव्हा चामड्याचे जोडे उकळले,
पण मीठ म्हणे चांदीच्याच वाटीत.
मग इनिगो, धर्मगुरू. ग्रंथालय बांधलं,
आणि जाळलेल्या पुस्तकांची यादीही
सुंदर अक्षरात लिहून ठेवली.
मधली दोन पानं नुसते जावई.
शेवटी लिओनोर, ब्याऐंशी वर्षांची,
महालाचं हॉटेल करून बसलेली. खोल्या बावीस.
तिला बाराशे टॉवेल हवेत,
प्रत्येकावर सिंह.

मल्लेशम काका कार्डांना भोकं पाडत ऐकत होते.
"आपलंबी घराणं हाय की गं.
मार्कंडेयाचा पोरगा भावनाऋषी,
कमळाच्या देठातनं सूत काढून
देवांना कापड विणला त्यानं.
तुझा घोडेवाला कालपरवाचा."

नमुना पास झाला.
पुढं कधीतरी रात्रपाळीला, लाइट जाऊन आल्यावर,
कार्डांची माळ पालथी चढली.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
सिंह तो सिंहच, आयाळ, नखं, जीभ,
सगळं जागच्या जागी.

दोन महिन्यांनी पत्र आलं, अतिशय सभ्य.
आमचा सिंह या बाजूला पाहत नाही.
असं तोंड फिरवलेला सिंह एकट्या बेल्त्रानचा होता,
फाद्रिकेला स्वयंपाकिणीपासून झालेला;
वंशावळीत त्याची नोंद नाही.
माल स्वीकारता येत नाही.

नोंद नाही म्हणून सांगताना
नाव मात्र त्यांनी नीट लिहिलं होतं.

कंटेनर परत आला. शेठ आठ दिवस कुणाशी बोलला नाही.
मग सेकंड माल म्हणून किलोवर काढला मधल्या मारुतीपाशी.
साखर पेठेतला न्हावी त्यानं गिऱ्हाइकांची मान पुसतो.
इडलीच्या गाडीवर पातेल्याच्या झाकणाखाली वाफ खात असतो सिंह.
परवा रिक्षाच्या काचेवरून फिरताना दिसला,
चिखलानं माखलेला,
तरी तिकडंच बघत होता.

आमच्या घरी दोन आलेत.
आई एक भिजवून, पिळून
विडीच्या पानांवर घालते, पानं मऊ राहायला.
सुपात मांडीवर बेल्त्रान दिवसभर.
हजार विड्या झाल्या की ती त्याला झटकते,
दोरीवर टाकते.

काकांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा
त्यांनी पंच खाली ठेवला.
माळ पालथी कुणी चढवली ते मला वाटतं त्यांना ठाऊक होतं.
त्यांनी एवढंच विचारलं :
"त्या स्वयंपाकिणीचं नाव काय गं?"

पुस्तिका पुन्हा चाळली, पहिल्यापासून.
जावयांची दोन पानंसुद्धा.
काका तोवर थांबले होते,
हातात कोरं कार्ड धरून.