शेऱ्याचा रकाना

समुद्र इथून चारशे किलोमीटर.
तरी नारळी पौर्णिमेला येलदरीच्या धरणावर
आम्ही नारळ फोडतो. पाण्यात सोडत नाही,
खोबरं वाटून खातो आणि शर्यत लावतो.

होड्या दोनच. सोसायटीच्या, पत्र्याच्या,
जिंतूरच्या रज्जाक वेल्डरनं जोडलेल्या.
थोरली जरा डावीकडं ओढते,
धाकलीत पाणी झिरपतं, घोट्याला लागेल इतकं.
म्हणून दर फेरीला अदलाबदल.
हा नियम अनंता नामदेचा.
सात वर्षं मालवणात होड्या रंगवल्या त्यानं,
परत आला तेव्हा खिशात काही नव्हतं,
एक वही होती:
दोघंच उतरतील. हरला तो काठावर,
जिंकला तो पुढच्याशी.
आणि उजव्या अंगावर वारा घेणाऱ्याला
वाट द्यायची,
मग तो सख्खा वैरी का असेना.

शीड म्हणजे खताच्या गोण्या,
उसवून, धुऊन, सुतळीनं शिवलेल्या.
फुगलं की काठावरून वाचता येतं:
४५ किलो. हुक वापरू नये.

मी गेज रीडर. रोज सकाळी सहाला
पट्टीवरचा आकडा वहीत उतरवतो.
वर्षातून एकदा शिट्टी फुंकतो.

यंदा शेवटाला राहिले
केरबा लिंबोरे आणि विश्वनाथ सातोटे.
साटंलोटं झालेलं:
ह्याची बहीण त्याच्या घरी, त्याची ह्याच्या.
अकरा वर्षं बोलणं बंद.
कारण एक जाळं.
कुणी म्हणतं, जाळं नव्हतंच, एक शब्द होता.

पण पाण्यावर मुक्यानं हक्क मिळत नाही,
ओरडून मागावा लागतो.
म्हणून वर्षातून एकदा आम्ही ऐकतो,
‘उजवा माझा!’
‘घे, दिला!’
एवढंच. मग पुढल्या पौर्णिमेपर्यंत गप्प.
गिरजा आणि सुंद्रा तेवढ्यासाठी काठावर येतात.
तुम्ही कुणाकडून, असं त्यांना विचारायचं नाही.
एका होडीत नवरा, दुसरीत भाऊ.

शिट्टीआधी दोघं घिरट्या घालत राहिले,
कोण कुणाला आधी रेघेबाहेर ढकलतो ते बघत.
सुटले. केरबा पुढं.
विश्वनाथ त्याच्या वाऱ्याच्या अंगाला गेला,
त्याच्या शिडाआड आपलं शीड धरलं
आणि त्याचा वारा खाल्ला.
केरबाचं शीड लोंबलं, दांडीवरच्या ओल्या धोतरासारखं.
‘उजवा माझा!’
‘घे, दिला!’
काठावर शिट्ट्या, टाळ्या, कुणाचं तरी कुत्रं.

मनोऱ्याला वळसा घातला
आणि वाराच गेला.
कुणी खाल्ला नाही, कुणाला मिळाला नाही.
वल्ह्याला हात लावला की बाद.
दोन होड्या, मध्ये हातभर पाणी,
आणि श्रावणातलं ते खरपूस ऊन.
पाऊण तास.
पोरांनी स्पीकर बंद केला.

विश्वनाथ धाकलीत होता.
पाणी चढत होतं,
आणि त्याचा डबा पुरेना.
मग केरबानं आपला डबा उचलला
आणि फेकला नाही, हात लांबवून दिला.
अनंतानं वही उलटीपालटी केली.
चालतं का, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मग ओठ हलले.
एकाचे, थोड्या वेळानं दुसऱ्याचे.
गिरजा पाण्यात गुडघाभर शिरली.
‘काय म्हन्ला गं?’
सुंद्रा म्हणाली,
‘वारं असतं तर आलं असतं ऐकू.’

वारं आलं ते उलटंच, पूर्वेकडून,
दोघांना वेडंवाकडं ढकलत.
विश्वनाथ वीतभर पुढं.
पाच लिटरचा कुकर त्यानं काखेत मारला.
केरबा शीड गुंडाळून
दुसऱ्या पायवाटेनं गेला.
बोलले का? मी तरी पाहिलं नाही.

सकाळी सहाला पट्टीवर गेलो.
पातळी कालचीच.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
धाकली खुंटीला बांधलेली,
तळाशी घोटाभर पाणी
आणि त्यात तरंगत,
एकमेकांवर हळू आपटत,
दोन डबे.