परतीचं कारण

घणसोलीत चौथ्या मजल्यावर, रात्री दीड वाजता
माझ्या कानात ड्युनेडिनची सकाळ उजाडते.
बाई म्हणते, जँडल तुटली.
मी यादीकडे बघते. यादी खांबाला चिकटवलेली,
पहिल्याच आठवड्यात मार्सेलिन मॅडमनी लिहून घेतलेली:

ऑस्ट्रेलिया थाँग म्हणेल. हसायचं नाही.
तोच शब्द लंडनहून आला तर अंतर्वस्त्रांचा विभाग,
कॉल तिकडे द्यायचा, तेव्हाही हसायचं नाही.
दक्षिण आफ्रिका स्लॉप्स, अमेरिका फ्लिप-फ्लॉप.
लीड्सच्या बाईचे पंप्स सपाट हवेत,
शिकागोच्या बाईचे उंच टाचेचे.
आणि स्लीपर म्हणजे आपली स्लीपर नव्हे,
ती लोकरीची, बंद, गालिच्यावर घालायची.
आमच्या बॅचच्या प्रद्युम्नने एका आजोबांना
बाथरूममध्ये खुशाल वापरा, असं सांगितलं होतं.
तो कॉल अजून नव्या पोरांना ऐकवतात.

गमबुटावर मात्र आमचं न्यूझीलंडशी एकमत.
इंग्लंड त्यालाच वेली म्हणतं, कुणा सरदाराच्या नावावरून.
इथे गटारात उतरणाऱ्याला तो मिळाला
तर गमबूट.
नाही मिळाला तर त्याला शब्द लागत नाही.

घरी तरी कुठे एक नाव आहे?
सासूबाई आटपाडीच्या, पायताण म्हणतात.
मुलीचे फ्लोटर्स, नवऱ्याचे बूट, माझी चप्पल,
सगळे एकाच रॅकवर, एकमेकांच्या अंगावर.
जोडा लग्नपत्रिकेत जाऊन बसला.
खेटर मारण्यापुरतं उरलं, घालत कुणी नाही.

तर ड्युनेडिनची बाई.
अंगठ्याजवळचा पट्टा भोकातून निसटतोय, म्हणाली.
स्क्रीनवर परतीच्या कारणांचे चौदा पर्याय.
मी एकही निवडला नाही. म्हटलं,
खालच्या बाजूनं एक सेफ्टी पिन घाला, आडवी,
पट्ट्याच्या गाठीतून.
ती थांबली. मग म्हणाली, आमच्याकडे
पावाच्या पिशवीची प्लास्टिकची क्लिप लावतात.
तीच तुटली, म्हणून तर फोन केला.
पिन आणते, थांब हं.
आणि मी थांबले, पृथ्वीच्या त्या टोकाला
कुणीतरी ड्रॉवर उघडत होतं ते ऐकत.
आमचा पाव वर्तमानपत्रात बांधून येतो, हे सांगायचं राहिलं.

सहा मिनिटं चाळीस सेकंद.
पार्सल वाचलं. शेऱ्यात आलं:
ठरलेल्या संवादाबाहेर बोलल्या. दोन गुण वजा.

पहाटे गेटवर मढवीकाका बिडी विझवत होते.
तुझी लिफ्ट जिथं उतरते ना, तिथं मिठागर होतं, म्हणाले.
माझा बा मीठ ओढायचा, मी ओढायचो.
खारट पाण्यात चामडं टिकत नाही,
टिकतं ते पाऊल, तेही चिरा पडून.
मी यादीच्या सवयीनं विचारलं,
मग चपलेला तुम्ही काय म्हणायचात?
नाव कनाला? म्हणाले. व्हती कुठं?

रिक्षा मिळेपर्यंत ते डोक्यात राहिलं.
कॉलेजात पुराणिक सर सांगायचे,
अनवाणी या शब्दाच्या पोटात वहाण आहे.
म्हणजे नाही म्हणतानासुद्धा
आपण ती बरोबर घेऊन चालतो.
इंग्रजीवाल्यांचं तसं नाही, तिथे नुसतं उघडं पाऊल,
पण त्यासाठी त्यांचा सगळ्या देशांत एकच शब्द.
लीड्स, डर्बन, ब्रिस्बेन, ड्युनेडिन,
नसण्यावर कुणाचं भांडण नाही.

दुसऱ्या रात्री यादीच्या तळाशी पेन्सिलनं लिहिलं:
अनवाणी. देश, सगळे. परतीचं कारण, लागू नाही.

शुक्रवारी मॅडमनी नवी यादी लावली, छापील.
माझी ओळ नव्हती.
कॅनडा वाढलाय.