राखेची वाटी

टिमिन्सला जानेवारीत आठ वाजून गेल्यावर उजाडतं.
तोवर डोनटवाल्याकडे दोनदा कॉफी झालेली असते
आणि नऊ सेंटांचा ब्लाइंड पाइक
चौदावर पोचलेला असतो,
बाजार उघडायच्या आधीच, नुसत्या बोलण्यात.
एक सेंटचं नाणं या देशात कधीच बंद झालं,
सेंटावरची आशा तेवढी चलनात आहे.

मी शाळेची बस चालवते.
फेरीआधी इंजिन तापायला ठेवते आणि ऐकत बसते.
ओरेस्ट म्हणतो, पुढच्या आठवड्यात निकाल.
गेल्या आठवड्यातही पुढचाच आठवडा होता.
त्याचा मेहुणा म्हणतो, ओळखीतला एकजण ड्रिलवर आहे,
त्यानं डोळ्यांनी पाहिलं, पिवळंधमक.
एक नवा पोरगा, ज्याला इथं कुणी ओळखत नाही,
सगळ्यांना 'आपण घरचीच माणसं' म्हणतो
आणि कुणी उणा शब्द काढला की विचारतो,
तुम्हाला कोण पैसे देतं?

माझ्याकडे चार हजार डॉलर आहेत.
छपराचे आहेत.
छप्पर अजून एक हिवाळा काढेल
असं मी छपराला न विचारताच ठरवलंय.

म्हणून ताउनोपाशी गेले.
एकतीस वर्षं त्यानं खाणीच्या प्रयोगशाळेत
दगडाचा कस लावला, मनगटावर भट्टीचे डाग आहेत.
म्हटलं, खरं काय ते सांग.

तो शेअरबद्दल बोललाच नाही.
म्हणाला, दगड दळायचा, शिशाबरोबर वितळवायचा,
मग ती गोळी हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवायची.
वाटी शिसं पिऊन टाकते. तिला घाई नसते.
सगळं पिऊन झालं की तळाशी
मोहरीहून लहान मणी उरतो.
कधी उरतो.
बहुतेकदा वाटीच उरते, जड झालेली.

मग माझ्या हातातलं कंपनीचं पत्रक ओढून घेतलं.
मोठ्या अक्षरांत: टनामागे शंभर ग्रॅम सोनं!
किती लांबीत? नख टेकवलं. पस्तीस सेंटिमीटर.
आणि भोकाच्या उरलेल्या दोनशे मीटरांचं?
कागद गप्प.
अगदी तळाला, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत:
लेखकास मोबदला शेअरच्या रूपात दिला आहे.
पगारी भाटाला राजा कधी बुटका दिसतो का, जोसियान?

आवाज खाली आणून म्हणाला,
ओरेस्ट खोटं बोलत नाहीये.
ज्याच्या गळ्यात माल अडकलाय तो मोठ्यानं प्रार्थना करतो, इतकंच.
त्याला रात्री झोप हवीय
आणि ती झोप तुझ्या छपराच्या पैशांतून येणार आहे.
कुणी 'मला माहीत नाही' म्हणालं तर कान दे.
कुणी आपली चूक तारखेसकट सांगितली
तर त्याच्या कॉफीचे पैसे तू भर.

मी उठले. बाहेर उणे एकतीस.
हातमोजे चढवता चढवता सहज विचारलं,
तुझ्याकडे आहेत का रे, ब्लाइंड पाइकचे?

त्यानं कप गोल फिरवला. आणखी एकदा फिरवला.
होते, म्हणाला. साठ हजार.
सतरा सेंटांना विकले.
कुणी घेतले ते बाजार सांगत नाही.
त्यानं ओरेस्टच्या टेबलाकडे पाहिलं नाही,
इतकं नीट पाहिलं नाही की मला दिसलं.
त्या आठवड्यात, म्हणाला,
इथंच बसून मीही म्हणत होतो, पुढच्या आठवड्यात निकाल.
आणि माझं सगळे ऐकतात.

कधी?
चौदा ऑक्टोबर. मंगळवार.

काउंटरवर मी दोन कॉफींचे पैसे दिले.
बस तापली होती, काचेवरचं बर्फ
एका कोपऱ्यातून सुटायला लागलं होतं.
दार लोटताना मागून ओरेस्टचा आवाज आला,
पुढच्या आठवड्यात,
पण या वेळी हळू,
स्वतःलाच विचारल्यासारखा.