परात

भाद्रपद सरत आला की आमच्याकडे पडतो तो खरा.
जूनमधला नुसता तोंड दाखवून जातो,
विडी घरकुलाच्या पत्र्यांवर चार टपोरे थेंब, संपलं.
आता मात्र तिसरा दिवस,
आणि नळाची पाळी परवा.
पन्हाळीखाली हंडा लावलाय.

अम्माच्या मांडीवर सूप.
घरात आम्ही याला वाना म्हणतो, दाराबाहेर पाऊस.
तिला दोन्ही भाषांत काळजी एकच:
पानं काळी पडतायत,
वळलेल्या विड्या नरम.
कारखान्यातला चेकर कानाशी धरून दाबतो,
आवाज आला नाही की छाट.
काल हजारातल्या एकशे चाळीस.

म्हणून भाकऱ्या झाल्या तरी तवा उतरवायचा नाही.
निवत्या तव्यावर विड्यांचे कट्टे,
उलटे, मग सुलटे.
घरभर ज्वारीचा आणि तंबाखूचा मिळून एक वास.
माझ्या कॉलेजच्या ओढणीलाही.

अंबादास लुसाकात. टॉवेलांच्या गोदामात हिशेब लिहितो.
त्याचा पाऊस डिसेंबरात, आमच्याकडे गोधड्या निघाल्यावर.
तेव्हा फोनमध्ये आधी पत्रा वाजतो,
मागून तो.
गेल्या साली त्यानं दाखवलं होतं:
सर थांबली की वारुळातून पंखवाले किडे उठतात.
शेजारची मुतिंता दिव्याखाली परात ठेवते, पाणी भरून,
सकाळी पंख पाखडते,
मीठ टाकून भाजते.

अम्मा म्हणाली, "शी."
मग जरा वेळानं, "कुरकुरीत होतात?"
"शेंगदाण्यासारखे."
"आणि तिचं सूप केवढंय?"

आज रात्री आमच्या बल्बाभोवती तेच.
एक तंबाखूत पडला, एक माझ्या वहीत.
अम्मानं परात उचलली,
काठाला चेचलेली, पिठाची,
हंड्यातलं पाणी ओतलं (नळाचं नाही)
आणि दिव्याखाली सरकवली.
हे ती दर साली करते.
तिची आईपण करायची.
पण "फोटो काढ" असं आजच म्हणाली.
"पाठव त्याला. म्हणावं, मुतिंताला दाखव."

तिकडे आता कोरडं असणार, धूळ,
वारुळं बंद.
फोटोखाली एक खूण उमटली, मग दुसरी.
आम्ही दोघी वाकून बघत बसलो,
परातीत बल्ब हलत होता,
आणि तव्यावरचे कट्टे
उलटायचे राहिले.